लेकराचे प्रारब्ध आणि दंडावरची लस

"जे नशिबात हाये ते चुकत नाही, मंग लेकराले सुई टोचून काहून रडवाचं?" असा प्रश्न तेल्हाऱ्याकडच्या खेड्यांतून आम्हांस पुष्कळदा ऐकावयास मिळतो. विचारणारी मंडळी अश्रद्ध नसतात. गळ्यात माळ असते, एकादशी चुकत नाही, हरिपाठ तोंडपाठ असतो. म्हणूनच हा प्रश्न आम्हांस हसण्यावारी नेता येत नाही. माळकरी मनुष्य प्रारब्धाचा दाखला देऊन लेकराला दवाखान्यात न्यायचे टाळतो, तेव्हा आपल्याच संप्रदायातला एक थोर शब्द तो आपल्याच लेकराच्या आड उभा करतो. तेव्हा त्याचा विचार संप्रदायाच्याच मासिकात व्हावा हे बरे.

सगळ्या रोगांचा विचार एका लेखात मावणार नाही. आम्ही एकच रोग घेतो. कुष्ठरोग. आपल्याकडे त्यास महारोग म्हणतात, जुनी माणसे रक्तपिती म्हणतात, आणि पुष्कळ घरांत तर नावच घेत नाहीत. "त्याले ते झालं हाये" एवढे हळूच सांगून मान वळवतात. हाच रोग घेण्याची कारणे दोन. हगवण लागली, हिवताप आला, तर कोणी मागचा जन्म आठवत बसत नाही. पण अंगावर बधिर चट्टा दिसला की पाप आठवते. पापाचा शिक्का इतका खोल दुसऱ्या कोणत्याच रोगावर बसलेला नाही. आणि दुसरे असे की, आज जन्मलेल्या प्रत्येक बालकाच्या डाव्या दंडावर जी बी.सी.जी. नावाची लस टोचतात, ती क्षयाची लस म्हणून सर्वांस माहीत आहे. पण तीच लस कुष्ठरोगापासूनही बालकाचे काही अंशी रक्षण करते, हे फार थोड्यांस ठाऊक आहे. आशाताई घरी येऊन सांगते तेव्हा तीही बहुधा क्षयाचेच नाव घेते.

आधी एक जुनी गोष्ट आठवू. साठीच्या पुढच्या कोणाही वारकऱ्याची बाही वर करून पाहा. देवी काढल्याचे वण दिसतील. त्या काळी देवी येणे हा रोग मानीत नसत. माता आली म्हणत, दारावर कडुलिंबाचा डहाळा लावीत, आणि सरकारचा माणूस देवी काढायला गावात आला की कित्येक बाया लेकरे घेऊन तुरीच्या वावरात लपून बसत. मातेच्या कोपापुढे सुई चालवणे म्हणजे मातेचा अपमान, असे मनापासून वाटे. पुढे काय झाले? हिंदुस्थानातला देवीचा शेवटचा रोगी 1975 साली नोंदला गेला आणि 1980 साली जागतिक आरोग्य संघटनेने जगातून हा रोग गेल्याचे जाहीर केले. माता रागावली नाही. आज कोणा सुनेला विचारा, देवीच्या रोगाने आंधळे झालेले लेकरू तिने पाहिलेले नाही. सगळ्या जगातल्या लेकरांचे प्रारब्ध काही एकाच वेळी बदलले नसेल. बदलली ती माणसांची करणी.

आता कुष्ठरोग म्हणजे काय ते पाहू. 1873 साली नॉर्वे देशातल्या बर्गेन गावी हॅन्सन नावाच्या डॉक्टराने रोग्याच्या गाठीत सूक्ष्म जंतू पाहिले. त्याआधी तिकडेही हा रोग रक्तातून, वंशातून येतो असेच समजत असत. तो वंशातून येत नाही. औषध न घेतलेल्या आणि अंगात पुष्कळ जंतू असलेल्या रोग्याच्या नाकातोंडावाटे जंतू बाहेर पडतात आणि महिनोन् महिने त्याच्या निकट राहणाऱ्याच्या श्वासावाटे आत जातात. हात मिळवल्याने, पंगतीत शेजारी बसल्याने, एका वाटेने चालल्याने तो लागत नाही. शिवाय शंभरांतल्या पंचाण्णव माणसांचे शरीर ह्या जंतूला उपजतच दाद देत नाही. उरलेल्यांत जो शिरतो तो फार सावकाश वाढतो. जंतू शिरल्यापासून चट्टा दिसेपर्यंत साधारण पाच वर्षे जातात, कधी कधी वीससुद्धा. म्हणूनच कोणाकडून आला हे कोणास उमगत नाही, आणि जे उमगत नाही ते पूर्वजन्माच्या खात्यावर मांडणे सोपे जाते.

आणखी एक घोटाळा आपल्याकडे फार आहे. अंगावर पांढरे कोड आले की त्यालाच महारोग समजतात. कोड म्हणजे महारोग नव्हे. त्याचा ह्या जंतूशी काही संबंध नाही, ते कोणाला लागतही नाही. कुष्ठाचा चट्टा फिकट किंवा तांबूस असतो आणि त्याची खूण म्हणजे बधिरपणा. पिसाचे टोक फिरवले, काडी टेकवली, तरी कळत नाही. बोटे झडतात ती जंतू खातो म्हणून नव्हे. बधिर हाताला तवा भाजलेला कळत नाही, बधिर पायाला काटा रुतलेला कळत नाही, जखम चिघळते, हाड झिजते. दुखणे ही देवाने दिलेली किती मोठी राखण आहे ते ह्या रोग्यास विचारावे.

बी.सी.जी. लशीची कथा आमच्या मते कीर्तनात सांगण्याजोगी आहे. फ्रान्स देशात लील नावाच्या शहरी काल्मेत आणि गेराँ हे दोघे होते. गुरांना होणाऱ्या क्षयाचा जंतू त्यांनी घेतला, तो पित्तात भिजवलेल्या बटाट्याच्या फोडीवर वाढवला, तीन आठवड्यांनी नव्या फोडीवर घातला, पुन्हा नव्या फोडीवर. 1908 पासून हे काम चालले. तेरा वर्षांत असे 230 वेळा केले. मध्ये पहिले महायुद्ध येऊन गेले, लील शहर जर्मनांच्या ताब्यात गेले, तरी फोड बदलायची राहिली नाही. शेवटी त्या जंतूचे विष उतरले. तो जिवंत राहिला पण रोग देईना. 1921 साली पॅरिसमध्ये पहिल्या तान्ह्या बालकाला ही लस दिली गेली. नेमाने, फळाची घाई न करता, तेरा वर्षे एकच काम. आमच्या संप्रदायात वारी न चुकवण्याचे जे मोल आहे, ते ओळखणाऱ्यास ह्या दोघांची ओळख वेगळी करून द्यावी लागू नये. आपल्या देशात 1948 साली ही लस देण्यास आरंभ झाला. मद्रासला गिंडी येथे ती तयार होऊ लागली. आज ती जन्मतःच देतात. राहिली असल्यास वर्षाच्या आत देता येते.

पण क्षयाची लस कुष्ठाला कशी चालते? हे दोन्ही जंतू एकाच कुळातले आहेत. गावातल्या जागल्याने एका चोराचा चेहरा नीट ओळखून ठेवला असेल, तर त्याचा चुलतभाऊ रात्री वेशीशी आला तरी त्यास संशय येतोच. आपल्या शरीरातल्या राखणदारांचे असेच आहे. विष उतरलेल्या जंतूवर त्यांची तालीम होते आणि मग त्याच कुळातला दुसरा आला तरी ते गाफील सापडत नाहीत.

ही केवळ कल्पना नाही. 1960 नंतर युगांडा देशात कुष्ठरोग्यांच्या घरच्या व नात्यातल्या हजारो मुलांना ही लस देऊन पाहिले. लस घेतलेल्या मुलांत, न घेतलेल्यांच्या मानाने, शेकडा 80 रोग कमी झाला. न्यू गिनीत तो जवळजवळ निम्मा झाला. ब्रह्मदेशात मात्र शेकडा 20 एवढाच उतार पडला. आफ्रिकेतल्या मलावी देशात 1996 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, आधी एकदा लस घेतलेल्यांस ती पुन्हा दिली, तेव्हा कुष्ठ आणखी निम्म्याने घटला. गंमत अशी की, जिच्यासाठी लस काढली त्या क्षयावर त्या दुसऱ्या सुईचा तेथे गुण दिसला नाही. आपल्याकडे चेंगलपट्टू भागात मोठा प्रयोग झाला. 1998 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात बी.सी.जी.चे रक्षण शेकडा 34 निघाले, आणि मुंबईच्या कॅन्सर संशोधन केंद्रात सापडलेल्या जंतूपासून केलेल्या लशीचे शेकडा 65. मुंबईत निघालेली ही लस सर्वांस देण्यापर्यंत पोचली नाही, ह्याचे आम्हांस वाईट वाटते. दिल्लीचे डॉ. तलवार यांनीही एक लस शोधली. कानपूरकडच्या खेड्यांत रोग्यांच्या घरच्यांवर तिचा चांगला गुण दिसला. पण देशभर सर्व बालकांना द्यायच्या यादीत तीही नाही. तेव्हा आज आपल्या लेकराच्या हाताशी जी आहे, ती जुनी बी.सी.जी.च.

देशोदेशी असा फरक का पडावा ह्यावर तज्ज्ञांचे तर्क आहेत. मातीत, पाण्यात ह्याच कुळातले निरुपद्रवी जंतू असतात, जिथे ते पुष्कळ तिथे शरीराची तालीम आधीच झालेली असते, म्हणून लशीचा गुण कमी दिसत असावा, असे काहींचे म्हणणे. ते काही असो. कुठे बारा आणे, कुठे आठ, कुठे चार, पण सोळा आणे कुठेच नाही, एवढे सरळ सांगितले पाहिजे. सोळा आणे आहे असे सांगून लस टोचणे हे आम्हांस पटत नाही. उद्या लस टोचलेल्या एखाद्या लेकराला चट्टा आला, तर लोक लशीलाही खोटे म्हणतील आणि सांगणाऱ्यालाही.

आणि खरी अडचण येथेच आहे. "मंग अर्धवट राखणीसाठी एवढा खटाटोप कशाले? उरलेलं अर्धं शेवटी प्रारब्धावरच ना?" असे एका शेतकरी माळकऱ्याने आम्हांस विचारले. प्रश्न चोख आहे. आम्ही त्यास त्याच्याच वावराचे विचारले. सातपुड्याच्या पायथ्याशी ज्याचे वावर आहे त्याला रोही आणि रानडुक्कर काय चीज आहे हे सांगावे लागत नाही. काट्याचे कुंपण घालतो, रात्री मचाणावर बसून हाकारतो. एवढे करून निम्मी जनावरे आत शिरतातच. म्हणून कोणी कुंपण उपटून टाकतो काय? पाऊस तर सर्वस्वी वरच्याच्या हाती. म्हणून मृगात सरकी घरात ठेवून कोणी बसतो काय? वावराच्या बाबतीत आपण पक्के प्रयत्नवादी असतो आणि लेकराच्या बाबतीत तेवढे प्रारब्धवादी होतो. ह्यात वैराग्य कुठे आहे ते आम्हांस दिसत नाही.

प्रारब्धाचा सिद्धान्त आम्ही मोडीत काढीत नाही. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे कर्माचे तीन भाग आपण कीर्तनात ऐकतो. संचित साठलेले, प्रारब्ध भोगाला आलेले, आणि क्रियमाण म्हणजे आज, आत्ता, ह्या हातांनी चाललेले. पहिल्या दोहोंवर आपला हात चालत नाही. तिसऱ्यावर चालतो, म्हणून तर उपदेश करण्यात अर्थ आहे; नाहीतर संतांनी लोकांस नामस्मरण करा, परनिंदा टाळा, असे कशाला सांगितले असते? आईने पदराखाली लेकरू घेऊन दवाखान्यापर्यंत चालत जाणे हे तिचे क्रियमाण आहे. लस लागू पडली वा न पडली, तिचे जाणे खोटे ठरत नाही. उलट, न जाणे हेही क्रियमाणच आहे, हे आपण विसरतो. बसून राहणे म्हणजे काहीच न करणे असे आपणांस वाटते. कर्माच्या हिशेबात तशी रिकामी जागा नाही.

कोणी म्हणेल, लेकराला न विचारता त्याच्या अंगात सुई कशी घालावी? हा आक्षेप अलीकडे शिकलेली मंडळीही काढू लागली आहेत. त्यांना आम्ही एवढेच विचारतो की, नवस फेडताना जावळ काढता, कान टोचता, तेव्हा त्याला विचारता काय? तान्ह्याच्या वतीने आईबाप ठरवतात, कारण दुसरे कोणी ठरवणारे नाही. प्रश्न एवढाच की, ते त्याच्या हिताकडे पाहून ठरवतात की आपल्या कंटाळ्याकडे.

येथे गोरोबाकाकांची गोष्ट निघाल्यावाचून राहत नाही. तेरच्या गोरोबांनी भजनाच्या तंद्रीत चिखल तुडवता तुडवता आपलेच लेकरू तुडवले, आणि पांडुरंगाने ते परत दिले. ही कथा ऐकून डोळ्यांत पाणी आले नाही असा वारकरी नाही. पण काही लोक तिचा भलताच उपयोग करतात. ज्याची निष्ठा आहे त्याच्या लेकराला देव पाहून घेतो, म्हणतात. बाबांनो, गोरोबांना देहाचे भान नव्हते. आपल्याला आहे. आपण दवाखान्याची तारीख चुकवतो ती समाधी लागली म्हणून नव्हे. बाजाराचा दिवस होता म्हणून, लग्नाला जायचे होते म्हणून, सुई टोचल्यावर रात्रभर रडते म्हणून. गोरोबांची तंद्री उसनी घेऊन आपला आळस झाकता येणार नाही.

आता जो भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो त्याकडे येतो. लस अर्धी राखण करते असे वर म्हटले. मग उरलेल्या अर्ध्याचे काय?

लहान लेकराच्या अंगावर कुष्ठाचा चट्टा निघतो तेव्हा त्याचा अर्थ डॉक्टर लोक एकच काढतात. ह्या लेकराच्या जवळपास, बहुधा त्याच घरात, औषध न घेतलेला एक मोठा माणूस आहे. लेकरू कोठे दूरदेशी हिंडलेले नसते. ते आजोबांच्या मांडीवर झोपलेले असते, काकाच्या ताटात जेवलेले असते. आणि त्या मोठ्या माणसाने औषध का घेतले नाही? औषध महाग आहे म्हणून नव्हे. ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. 1981 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी अनेक औषधे एकत्र देण्याचे ठरवले तेव्हापासून सहा महिन्यांत किंवा बारा महिन्यांत रोग पुरता बरा होतो, आणि औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रोग्यापासून दुसऱ्यास लागण्याचे भय सरते. तो औषध घेत नाही ते भीतीने. बंडीच्या आत, धोतराच्या काच्याखाली चट्टा लपवतो. कळले तर नातीची सोयरीक मोडेल, पंगतीत पान वेगळे पडेल, भजनात टाळ कोणी हातात देणार नाही. ही भीती त्याच्या मनात जंतूने घातली नाही. आपण घातली.

म्हणजे पाहा. आपण रोग्याला पापी म्हटले, म्हणून त्याने चट्टा लपवला. लपवला म्हणून औषध लांबले. लांबले म्हणून त्याच्या मांडीवरच्या लेकराच्या श्वासात जंतू गेले. लेकराच्या अंगावर पाच वर्षांनी जे उमटले ते त्याचे प्रारब्ध की आपली जीभ? आम्ही तर असे म्हणू की, मागच्या जन्मीचे कर्म शोधायला जाण्याची गरजच नाही. पाच वर्षांपूर्वीच्या पंगतीतले कर्म पुरे आहे.

दुसऱ्याच्या दुखण्यात त्याचे पाप वाचणारा मनुष्य स्वतःस चित्रगुप्त समजतो. ती वही आपल्या हातात कोणी दिली? कर्माची गती गहन आहे असे आपणच म्हणतो आणि शेजाऱ्याच्या बोटांकडे पाहून ती आपल्याला पहिल्या नजरेत उलगडते. पैठणचे कूर्मदास आठवा. हातपाय नसलेला हा भक्त पोटावर सरकत पंढरीच्या वारीला निघाला, लऊळपर्यंत पोचला, पुढे अंगी त्राण उरले नाही. कथा सांगते की, मग पांडुरंगच त्याच्या भेटीला तेथे आला. कूर्मदासाने कोणते पाप केले होते म्हणून त्यास हातपाय नव्हते, हे देवाने विचारले नाही. दिंडीतल्या आम्ही लोकांनी मात्र विचारावे?

आपल्या वऱ्हाडाला ह्या बाबतीत बाहेरून धडा घ्यायची गरज नाही. मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला मामाच्या घरी वाढलेल्या गाडगेबाबांनी जन्मभर लुळ्यापांगळ्यांची आणि महारोग्यांची सेवा केली, आणि कीर्तनात लोकांस विचारून विचारून खोट्या समजुती त्यांच्याच तोंडून मोडून घेतल्या. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 साली जगदंबा कुष्ठनिवास काढले; तेच आजचे तपोवन. घरातून काढलेल्या माणसांनी तेथे हातमाग चालवले, शेती केली, घरे बांधली. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी त्याच्याही आधी, 1936 साली, काम सुरू केले होते. 1939 साली सेवाग्रामला आलेल्या परचुरे शास्त्रींच्या अंगाला गांधीजी स्वतः तेल चोळीत असत. शास्त्रीबोवा संस्कृताचे मोठे पंडित. पण जखमा पाहून त्यांना जवळ घेणारे थोडे. वरोऱ्याच्या आनंदवनाचे नाव तर सर्वांस माहीत आहे. वर्ध्याच्याच डॉ. वारदेकरांनी गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानातून आणखी एक शहाणपणाची रीत घालून दिली: रोग्याची वाट पाहत दवाखान्यात बसायचे नाही, घरोघर, शाळोशाळी जाऊन पाहायचे, समजावायचे, आणि जिथल्या तिथे औषध द्यायचे. लेकरांचे चट्टे असेच लवकर सापडू लागले. लवकर सापडलेल्या चट्ट्याने बोट वाकत नाही.

कायद्यानेही उशिरा का होईना पाऊल टाकले. महारोग्यांना डांबून ठेवण्याचा 1898 चा कायदा 2016 साली रद्द झाला. नवराबायकोपैकी एकाला कुष्ठ आहे एवढ्यावरून काडीमोड मागण्याची वाट 2019 साली बंद झाली. 2005 च्या अखेरीस दहा हजारांत एकापेक्षा कमी रोगी उरल्याने हा रोग आटोक्यात आला असे सरकारने जाहीर केले होते. त्याने एक नुकसान झाले असे आमचे मत आहे. लोकांना वाटले, रोग संपला. संपलेला नाही; देशात अजून दरवर्षी लाखाच्या घरात नवे रोगी सापडतात, आणि त्यांत लेकरेही असतात.

तेव्हा घरात कोणी रोगी सापडला तर काय करावे हे स्पष्ट सांगतो. त्याला गोठ्यात झोपवू नये. औषध सुरू करावे. घरातल्या बाकीच्यांनी, लेकरांसह, अंग दाखवून घ्यावे. डॉक्टर योग्य समजल्यास निरोगी असणाऱ्यांस रिफाम्पिसिन नावाच्या औषधाची एक मात्रा देतात, तिनेही लागणीचे भय बरेच कमी होते. घरात वर्षाच्या आतले लेकरू असेल आणि बी.सी.जी. राहिली असेल तर ती त्याच आठवड्यात टोचून घ्यावी. ज्यांचे बाळंतपण दवाखान्यात झाले त्यांची बहुधा राहत नाही. राहते ती घरी बाळंत झालेल्यांची, वीटभट्टीवर, ऊसतोडीला गेलेल्यांची, मेळघाटच्या आडवाटेच्या ढाण्यांवरची. आपल्या ओळखीत असे घर असेल तर आशाताईला कळवणे हे काही मोठे पुण्यकर्म नव्हे, पण एकादशीच्या फराळाइतका वेळही त्याला लागत नाही.

लस टोचल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तेथे फोड येतो, फुटतो, कधी थोडा पू येतो. बाया घाबरतात. त्यावर हळद, तेल, काजळ काही लावू नये, शेकू नये, पिळू नये. तो आपोआप सुकून वण राहतो. काही लेकरांस वण उमटत नाही, तेवढ्यावरून लस फुकट गेली असे समजून पुन्हा टोचायचा आग्रह धरू नये.

एक गोष्ट मात्र आमच्या मंडळींत अजून सुटलेली नाही, ती वाचकांपुढे ठेवतो. आमच्या दिंडीत एक वृद्ध वारकरी आहेत. बारा महिन्यांचे औषध पुरे करून ते बरे झाले, डॉक्टरांचा तसा कागद आहे. उजव्या हाताची दोन बोटे तेवढी वाकलेली राहिली. त्यांनी यंदा वीणेची सेवा मागितली. वीणा घेतलेल्याच्या पाया सगळी दिंडी पडते, लेकुरवाळ्या बायाही पडतात. बोटे वाकलेली असली तरी वीणा छेडता येते हे त्यांनी वाजवून दाखवले. चारदोन जणांनी कुरकुर केली. रोगाचे भय आम्हांस नाही, पण लोक काय म्हणतील, असे त्यांचे म्हणणे. बहुतेकांचा कल वीणा द्यावी असाच आहे आणि आमचाही तोच आहे. तरी ज्या दिंड्यांत अशा माळकऱ्यांकडे वीणा, चोप किंवा पखवाज पूर्वीपासून आहे, त्यांनी आपल्याकडे हे कसे घडून आले ते प्रस्थानाच्या आधी आम्हांस पत्राने कळवावे.